खाडे

दुधाचे खाडे मांडायचं कॅलेंडर
फ्रिजच्या बाजूला, खिळा जरा सैल.
पिशवी आली नाही की त्या चौकोनात फुली,
सिलिंडर लागला की ‘ग’.
पंचवीस वर्षं त्याच्यावर एवढंच लिहीत आले.

यंदा चैत्रात, चौपन्नावं लागल्यावर,
चेंबूरच्या तलावाचा फॉर्म भरला.
डॉक्टरचा दाखला, दोन फोटो,
आणि ‘पोहता येते का’ ह्याच्यापुढे
मी ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं,
जणू त्याचेच मार्क मिळणार होते.

मे महिन्यात तलावात पाणी कमी, पोरं जास्त.
शिकवायला बेर्डेबाई. पासष्टीच्या, गळ्यात शिट्टी,
पोटरीवर जुन्या भाजल्याचा डाग.
म्हणाल्या, बार धर. तोंड पाण्यात. बुडबुडे सोड.
आठवडाभर मी नुसते बुडबुडे सोडले.
घरी भात रटरटायला लागला की हसू फुटायचं.
सदानंद विचारायचा, काय झालं?
काही नाही. भात.

टोपीत मावेना म्हणून वेणी कापली.
पार्लरवालीने ती वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली,
मासळी देतात तशी.
अजून कपाटात आहे, डांबरगोळ्यांशेजारी.
कलप मात्र मी सोडला नाही, तोच सुटला.
क्लोरीनपुढे कुणाचं काय चालतं.

पावसाळ्यात खंड पडला.
कानाला दडे, रात्रीचा खोकला,
गॅलरीतल्या दोरीवर चार-चार दिवस तोच एक टॉवेल.
मग दुपारी दार लावून
पलंगावर पालथी पडून हात मारायचे.
श्रावणातल्या एका सोमवारी दार लावायला विसरले.
सदानंद उंबऱ्यात उभा, हातात केळीचं पान,
त्याचं टोक फरशीला टेकलेलं.
बराच वेळ बघत होता.
मग म्हणाला, डावा कमी पडतोय.

ऑक्टोबरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी
नळातूनच उकळतं यायला लागलं, तेव्हा परत गेले.
बेर्डेबाईंनी कुठे होतीस विचारलं नाही.
बोट दाखवलं फक्त, पाण्याकडे.

मुंबईची थंडी ती केवढी,
स्वेटर सापडेपर्यंत संपते.
पण पहाटे सहाच्या बॅचला पाणी चावतं.
आम्ही पाचजणी उरलो. मेहरुन्निसा,
कामतवहिनी, जुळ्यांची आई,
आणि बँकेतली एक, जिचं नाव मी दोनदा विचारून विसरले.
पहिली फेरी होईपर्यंत कुणी बोलत नाही.
नंतर कुणी थांबत नाही.

जानेवारीच्या हिशेबाला
शिवमूरत दारात उभा. नोटा परत मोजल्या.
वहिनी, अकरा दिवसांचे कमी आहेत.
मी तर रोज आलो.

सदानंदने चष्मा लावला, कॅलेंडर खाली काढलं.
खिळाही आला बरोबर.
ह्या बघ फुल्या, म्हणाला. दोन, पाच, सहा, नऊ...
बोट तेवीसवर थांबलं.
त्या दिवशी सकाळी त्यानेच चहा केला होता,
त्याच दुधाचा.

फुल्या माझ्या होत्या.
पोहून आले की ओल्या हातानेच मारायचे,
दुसरी खूण सुचली नव्हती.

म्हणजे ह्या अकरा दिवशी, तो म्हणाला,
नक्की काय आलं नाही?

सांगायला हवं होतं
त्या बारा फुटांच्या पाटीखाली
पाठीवर पडलं की कानात पाणी शिरतं
आणि मग कुणाचीच हाक येत नाही,
कुकरची नाही, फोनची नाही,
आभाळात एखादी घार, तीही बिनआवाजाची.
पण शिवमूरत ताटकळत होता.
मी पाकिटातून उरलेले पैसे काढून दिले.

आता पोहल्याच्या दिवशी टिंब.
शिवमूरतला सांगून ठेवलंय.
खिळा सदानंदने थोडा वर ठोकलाय,
पाय उंचवावे लागतात.